मदत हवी आहे: चारपैकी एक इंजेक्टर अजून टपकतोय

चार सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन आहे, साधा मेकॅनिकल पंप, कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना दाबाचं डिझेल पुरवणारी एकच नळी) नाही. इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) खोलून साफ केले, चारही नोझल (फवारा सोडणारी टोकं) नवीन टाकले. बसवायच्या आधी हातपंपाच्या टेस्टरवर लावले, बरं झालं लावले. उघडण्याचं प्रेशर आलं 128, 131, 119 आणि 130 बार.

तिसऱ्याच्या स्प्रिंगखाली 0.10 मिमी जास्त जाडीची शिम (पातळ चकती) टाकली, तो 129 वर आला. म्हटलं झालं काम. पण बाकीचे तिघे पंप हळू दाबला की कर्रर्र करत बारीक धुकं सोडतात, हा तिसरा मात्र गप्प. एका बाजूला सरळ धार मारतो आणि 110 बारवर 10 सेकंद धरलं की टोकाला थेंब लोंबतो. (फवाऱ्यासमोर बोट धरू नका असं सांगणार असाल, तर धरत नाही! तेल कातडीत घुसतं, माहीत आहे.)

नोझलमधली सुई काढून स्वच्छ डिझेलमध्ये धुतली. बॉडीत सोडली तर स्वतःच्या वजनाने सरकते, अडकत नाही. नटही टॉर्क रेंचनेच आवळलाय.

आता सुईची सीटच (सुई टेकून बंद होते ती जागा) खराब समजून नोझल बदलू, की होल्डरचा घासून बसणारा सपाट भाग आधी लॅप करून (बारीक पेस्टने घासून) बघू? मला नोझलचाच संशय आहे. आणि प्रेशर जुळलं तरी चौघांचं बॅक लीक (सुईच्या बाजूने झिरपून परत जाणारं डिझेल) वेगळं मोजावं लागतं का? हाताने केलेल्यांनी सांगा, घाईत बसवून पिस्टन जाळायचा नाहीये.