मदत हवी आहे: निशिना शिनमेइ-गूचे खांब जमिनीत की दगडावर?

मंडळी, जपानी लाकडी बांधकामातलं कुणाला कळत असेल तर प्लीज सांगा. नागानो प्रांतात ओमाचीला निशिना शिनमेइ-गू हे शिंतो देऊळ आहे, त्याचं मॉडेल करतेय. इसे या जपानच्या प्रसिद्ध शिंतो देवळासारखंच हेही दर 20 वर्षांनी नव्याने बांधायचे पण 1636 नंतर फक्त दुरुस्तीच होत गेली, म्हणून शिनमेइ-झुकुरी या देऊळ बांधायच्या शैलीतली सगळ्यात जुनी इमारत आज इथेच उभी आहे आणि मला तर इसेपेक्षा हेच जास्त मोलाचं वाटतं. 1376 पासूनच्या बांधणीची नोंद असलेल्या लाकडी पाट्यासुद्धा जपल्यात! छप्पर इसेसारखं गवताचं नाही, हिनोकी या जपानी सायप्रस झाडाच्या सालीचं आहे, एवढं पक्कं कळलंय.

अडलंय खालच्या भागात. इसेला खांब थेट जमिनीत पुरतात, इथलं समजत नाही. फोटो सगळे कुंपणाबाहेरून, त्यात छप्परच दिसतं, जपानी माहिती फोनवर ट्रान्सलेट करून बघितली त्यात खांबांचं काहीच सापडलं नाही. मला जपानी येत नाही आणि तिकडे जाणंही शक्य नाही. पुढचा दरवाजा आणि त्याला जोडणारं छप्पर काढून झालंय, त्याचं नकोय. मुख्य गाभाऱ्याचे खांब जमिनीत पुरलेत की दगडावर उभे आहेत, आणि ते दाखवणारं सेक्शन ड्रॉइंग (इमारतीचा उभा छेद दाखवणारं चित्र) कुठे बघायला मिळेल?