मदत हवी आहे: मातीचा किल्ला दोनदा ढासळला, आता काय करू? (ठाणे)

कोलशेतकर
दोनदा किल्ला केला, दोन्ही वेळा गेला. पहिल्यांदा भेगा पडून मातीचे पापुद्रे सुटले. दुसऱ्यांदा मधला डोंगर रात्रीत खाली बसला. वसुबारसेला आठ दिवस उरलेत. मुलगा सहावीत आहे, त्याला राजगडच करायचाय, दुसरा कुठला नको म्हणतो. माती टिकायला नेमकं काय करायचं ते सांगा. तयार किल्ला विकत घ्या असं कृपया कोणी सुचवू नका.

मातीकाम
माती कुठली? खाली काय रचलंय? जागा गॅलरीत आहे की आवारात? लांबीरुंदी किती? एवढं कळल्याशिवाय सांगणं म्हणजे अंदाजपंचे.

ऐरोलीकर
मातीच्या भानगडीत पडू नका. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी डोंगराच्या आकारात वाकवायची, जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या पीओपीच्या पाण्यात बुडवून वर अंथरायच्या. अर्ध्या तासात घट्ट. भेगा नाहीत, घसरणं नाही, पुढच्या वर्षी पुन्हा वापरता येतो.

गॅलरीतली_बाग
पीओपीवर हळीव उगवणार कसा? मुळांना धरायला ओलावा हवा, पीओपी वाळला की दगड. हिरवळ नसलेला किल्ला दिवाळीचा वाटतच नाही. शिवाय मुलांचे हात मातीत जाणं हाच या कामातला खरा भाग आहे.

कोलशेतकर
माती म्हणजे मातीच. घोडबंदर रोडच्या नर्सरीतून तीन पिशव्या आणल्या. खाली खोकी, वर गोणपाट. ४ बाय ४ फूट, बिल्डिंगखाली जिन्याशेजारी.

मातीकाम
खोकी पुठ्ठ्याची का? आणि पिशवीवर काय छापलंय ते वाचून सांगा. तोवर एक करून बघा. माती भिजवून तळहातावर करंगळीएवढी सुरळी वळा आणि हळूच गोल वाकवा. न तुटता अर्धा गोल झाला तर माती कामाची. वळतानाच भुगा झाला तर ती किल्ल्याची माती नाही.

पाली_दरवाजा
येऊरला पायथ्याशी उत्तम लाल माती मिळते. दोन गोण्या भरून आणा, पैसेही वाचतील.

गॅलरीतली_बाग
@पाली_दरवाजा, असं सांगू नका. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथली माती उचलायची नसते. नर्सरीतच ‘बिनखताची लाल माती’ असं स्पष्ट मागितलं की गोणीने देतात. नुसतं ‘माती द्या’ म्हटलं की कुंडीची तयार माती हातात पडते.

कोलशेतकर
पिशवीवर ‘पॉटिंग मिक्स’ लिहिलंय. सुरळी वळतच नाही, भुगा होतोय. खोकी पुठ्ठ्याचीच. परवा संध्याकाळी पाऊस झाला, पण किल्ला छताखाली आहे, वरून भिजला नाही.

मातीकाम
मग दोन्ही कारणं सापडली.

पॉटिंग मिक्समध्ये कोकोपीट आणि खत असतं. ते पाणी धरून ठेवायला आणि भुसभुशीत राहायला केलेलं असतं. किल्ल्याला चिकटपणा लागतो, तो त्यात नाही, म्हणून पापुद्रे सुटले. मधला डोंगर बसला तो पुठ्ठ्यामुळे. वरून पाऊस लागायची गरज नाही, ओल्या गोणपाटातून झिरपलेलं पाणी पुठ्ठा रात्रभर पीत राहतो.

सांगाडा बदला. खाली ताडपत्री (पेव्हर ब्लॉकवर लाल डाग राहिले तर सोसायटी बोलणार). मध्ये पालथी बादली, भोवती विटा आणि भाजीवाल्यांकडचे पालथे क्रेट. हाताने जोर लावून हलवा, हललं तर वर माती चढवूच नका. फटींत कागदाचे बोळे नकोत, दगड आणि विटांचे तुकडे ठोका.

माती: तीन घमेली लाल माती, एक घमेलं बारीक रेती, अर्धं घमेलं भाताचं तूस. तूस नाही मिळालं तर सुकं गवत बोटाच्या पेराएवढं कापून घाला. रेतीमुळे माती आकसते कमी, तूस तिला आतून धरून ठेवतं. माती आधी चाळा. पाणी घालून पायाने तुडवा, ओल्या कापडाखाली रात्रभर मुरू द्या. तुमच्या मापाला सगळं मिळून पाचसहा घमेली लागतील.

गोणपाट कोरडं टाकू नका, इथेच बहुतेक जण चुकतात. त्याच मातीचा ताकाएवढा पातळ रबडा करा, गोणपाट त्यात बुडवून पिळा आणि मग सांगाड्यावर अंथरा. कडा विटांखाली दाबा. त्यावर अर्ध्या इंचाचा पहिला थर. तो बोटाने दाबून ठसा जेमतेम उमटेल इतका सुकला की काट्याने ओरखडे काढा, रबड्याचा हात फिरवा आणि दुसरा अर्धा इंच चढवा. एकदम दोन इंच थापलं की वरचं आधी सुकतं, आतलं ओलं राहतं आणि भेग पडते.

ऐरोलीकर
एवढा खटाटोप आठ दिवसांत, नोकरी सांभाळून? सिमेंटची रिकामी पोती तरी वापरा, ती कुजत नाहीत.

मातीकाम
त्यांचं कापड प्लास्टिकचं, गुळगुळीत असतं. माती धरतच नाही, उतारावरून अखंड सरकते. तागाचंच गोणपाट हवं. जांभळी नाक्याला धान्याच्या दुकानांत विचारा.

शाडूवाली
गणपतीची शाडू उरली असेल तर तीच वापरा की. हाताला लोण्यासारखी लागते.

मातीकाम
बुरूज, पायऱ्या, दरवाजा यांना शाडू छान. डोंगराला नको, फार बारीक असते, सुकताना सगळीकडे जाळं पडतं.

पाली_दरवाजा
राजगड करताय तर आकार चुकवू नका. मधोमध बालेकिल्ला (सगळ्यात उंच भाग) आणि तीन बाजूंना तीन माच्या (बालेकिल्ल्याखालचे तटबंदीचे पट्टे): उत्तरेला पद्मावती, आग्नेयेला सुवेळा, नैर्ऋत्येला संजीवनी. पद्मावती रुंद, तिच्यावर तळं. संजीवनी लांब, अरुंद आणि टप्प्याटप्प्याने उतरणारी. तिची दुहेरी तटबंदी आणि चिलखती बुरूज (बाहेरून दुसऱ्या भिंतीचं कवच असलेले) हेच राजगडाचं वैशिष्ट्य. तुमची ती बादली बालेकिल्ला होईल. संजीवनीखाली विटा आडव्या एकावर एक दोनच ठेवा आणि पायथा माथ्याच्या दुप्पट रुंद धरा, नाहीतर तीच बाजू आधी जाईल.

सुवेळा माचीवर नेढं आहे, खडकातलं आरपार भोक. मुलाला ते हवंच असणार. दोन इंची पाइपचा वीतभर तुकडा सांगाड्यातच आडवा बसवा, वर माती चढवा, तोंडाच्या कडा बोटाने खडबडीत करा. नंतर कोरायला गेलात तर वरचा भाग पडेल.

कोलशेतकर
नेढ्याचं वाचून मुलगा आत्ताच पाइप शोधायला गेला. तटबंदी कशाने करू? मागच्या वेळी चिकटवलेली वाळून सुटी झाली.

पाली_दरवाजा
खालची माती सुकल्यावर लावली असेल. ओरखडे आणि रबडा लावून मगच बसवायची. मातीची वळी लाटण्याने चपटी करा, बोटभर उंच पट्टी कापा, उभी बसवून आतून टेकू द्या. आइस्क्रीमच्या काडीच्या टोकाने दगडांच्या रेषा दाबा. दुहेरी तटात मध्ये एक बोट जागा सोडा.

वाशीची_आई
मुलांना पुस्तकी किल्ला करायला लावण्यापेक्षा खरा दाखवा. बेलापूरचा किल्ला आहे, घोडबंदरचा आहे, पनवेलपुढे कर्नाळा आहे. कर्नाळ्याला पक्षीही दिसतात, पण वरचा सुळका चढायचा नाही. मुलांना पाणी जास्त द्या आणि सकाळी लवकर निघा.

पाली_दरवाजा
कल्पना चांगलीच. राजगडही २०२५ साली जागतिक वारसा यादीत आला, ‘मराठा लष्करी स्थापत्य’ म्हणून जे बारा किल्ले निवडले त्यांत. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. किल्ल्यापुढच्या पाटीवर हे लिहा, स्पर्धेत उपयोगी पडेल.

कोलशेतकर
सहल दिवाळीनंतर. आधी हळीव सांगा. मागच्या वेळी भिजवून टाकला, त्याचे चिकट गोळे झाले आणि कुजले.

गॅलरीतली_बाग
हळीव भिजवायचा नसतो. पाणी लागलं की दाण्याभोवती बुळबुळीत आवरण धरतं आणि सगळे एकमेकांना चिकटतात. ओल्या मातीवर कोरडाच भुरभुरवा, दाण्यात दाणा लागणार नाही इतका विरळ. मीठदाणीतून टाकला तर लहान मुलंही सारखा टाकतात. वर माती नको, तळहाताने हलकेच थोपटा. दोन दिवस ओलं सुती कापड झाका, नाहीतर कबुतरं आणि चिमण्या वेचतात. अंकुर दिसला की लगेच कापड काढा. पाणी फक्त फवाऱ्याने, दिवसातून दोनतीनदा, ओघळ येईपर्यंत नाही. दोनअडीच दिवसांत अंकुर, सहाव्या दिवशी दोन इंच. म्हणजे परवापर्यंत पेरा.

जिन्याखाली ऊन येतं का? नसेल तर तो पिवळा पडून आडवा होतो.

कोलशेतकर
सकाळी नऊ ते अकरा येतं, तेही फक्त एका बाजूला.

गॅलरीतली_बाग
मग हळीव फक्त त्याच बाजूला टाका, उरलेल्या भागाला गेरू द्या. चुन्याच्या रेघा हळिवापासून चार बोटं लांब, चुन्याचं पाणी लागलं की कोंब जळतो.  आणि पद्मावतीच्या तळ्यातलं पाणी रोज बदला, डासांचे दिवस आहेत.

वाशीची_आई
पाच वर्षांची मुलगी असेल तर तिला काय काम द्यायचं? मोठी मुलं लहानांना हात लावू देत नाहीत.

मातीकाम
माती चाळायला द्या, तूस मिसळायला, फवारा मारायला. आणि एक माची पूर्ण तिच्या नावावर करा, वाकडी झाली तरी दुरुस्त करू नका.

कोलशेतकर
लाल माती दोन गोण्या आणल्या. सुरळी वाकते, तुटत नाही. पाइप बसवलाय. पहिला थर सकाळी चढवला, केसाएवढ्या दोन भेगा आहेत. काढून पुन्हा करू का?

मातीकाम
नको. भेगेत आधी पाण्याचं बोट फिरवा, मग रबडा दाबून भरा. दुसरा थर त्यावरूनच जाणार आहे. आज रात्री ओलं कापड झाकून ठेवा, पंख्याखाली किंवा उन्हात घाईने वाळवू नका.

ऐरोलीकर
पणत्या गोणपाटाच्या उघड्या कडेजवळ ठेवू नका, ताग पटकन पेटतो. उघडी राहिलेली कड मातीने पूर्ण बुजवा. हे पीओपी असो की माती, दोन्हीला लागू.