आंबोली टोड ‘अतिसंकटग्रस्त’ कसा?

घाटवाट:
मृगाचा पाऊस सुरू झाला की आंबोलीच्या कातळावर आंबोली टोड (बेडकाच्या कुळातला एक उभयचर) मोठ्या संख्येने दिसतात, असे तिथे नेमाने जाणारे सांगतात. तरीही आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी आहे, म्हणजे वाघाच्याही वरच्या पायरीवर. जो प्राणी इतक्या सहज दिसतो, त्याला हा दर्जा कोणत्या निकषावर मिळतो? आणि या दर्जामुळे कायद्याचे संरक्षण आपोआप लागू होते का?

कातळसडा:
हा दर्जा केवळ डोकी मोजून ठरत नाही. आढळक्षेत्राचा विस्तार १०० चौरस किलोमीटरपेक्षा कमी किंवा प्रत्यक्ष व्यापलेले क्षेत्र १० चौरस किलोमीटरपेक्षा कमी असेल, जात एकाच ठिकाणापुरती उरली असेल आणि तिथला अधिवास सतत खालावत असेल, तर संख्या बरी असूनही ती जात या वर्गात जाते. २००९ मध्ये शास्त्रीय वर्णन झालेला, कुशीवर वाघासारखे पट्टे असलेला हा टोड आंबोली परिसरापुरताच आहे.

शिवाय तो ‘खूप’ दिसतो, कारण विणीच्या मोजक्या दिवसांत सगळे एकत्र जमतात. एरवी वर्षभर शोधूनही क्वचितच सापडतो. जांभ्याच्या कातळावरील उथळ खळग्यांत पाणी साचले की माद्या तिथेच अंडी घालतात. पावसाने मध्येच उघडीप दिली तर खळगा आटतो आणि त्यातली अंडी-पिल्ले जागीच सुकतात. छायाचित्रासाठी कातळावर उतरणाऱ्यांचे बूटही नेमके याच खळग्यांत पडतात, हे सांगून कंटाळा आला आहे.

सह्यभ्रमर:
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’. लाल यादी हे मूल्यमापन आहे, कायदा नव्हे. आपल्याकडे प्रजातीचे संरक्षण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचींवरून ठरते. खरी अडचण जागेची आहे. महसुली नोंदीत कातळसडे (उघड्या खडकाची पठारे) बहुधा पडीक किंवा पोटखराब, म्हणजे लागवडीला अयोग्य, म्हणून लागलेले असतात, त्यामुळे तिथे बांधकाम झाले किंवा रस्ता रुंद झाला तरी ‘जंगल तुटले’ असे कोणी म्हणत नाही. आंबोलीतच हिरण्यकेशीच्या उगमस्थानाला तिथल्या दुर्मीळ माशासाठी २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ घोषित करण्यात आले. विणीच्या सड्यांसाठी हाच मार्ग मला सर्वांत व्यवहार्य वाटतो, कारण त्यात स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करावी लागते.

घाटवाट:
म्हणजे संख्या मोजण्याला अर्थच नाही?

कातळसडा:
अर्थ आहे, पण एका वर्षाच्या आकड्याला नाही. त्याच सड्यावर, त्याच पद्धतीने, दरवर्षी पहिल्या पावसात ओरडणाऱ्या नरांची आणि भरलेल्या खळग्यांची नोंद ठेवली, तरच घट होते आहे की नाही ते कळेल. लगतच्या रस्त्यावर वाहनांखाली मेलेल्यांची नोंद त्याच वहीत असावी. कोयनेचा टोड ही याची जवळची भावंड-जात. तिच्यासाठीही अशीच नोंद ठेवली तर तुलना करता येईल.