एसएलआरच्या आतल्या भागांची झीज: नेहमीची कोणती आणि धोक्याची कोणती?

प्रश्न | नवा आर्मोरर, धुळे

सर्वांना नमस्कार. मी पोलीस दलात आहे. आर्मोररचा (शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणाऱ्याचा) कोर्स करून आल्यावर या वर्षी पहिल्यांदाच शस्त्रागाराचे काम स्वतंत्रपणे माझ्याकडे आले आहे. पावसाळा संपला असून वार्षिक गोळीबार सरावाच्या आधी आमच्याकडच्या ७.६२ मिमी एसएलआर (सेल्फ-लोडिंग) रायफली एकेक करून खोलून तपासणे सध्या चालू आहे. कोर्समध्ये भाग ओळखणे, खोलणे-जोडणे आणि अडथळे दूर करणे व्यवस्थित शिकवले होते. परंतु कित्येक वर्षे वापरात असलेल्या रायफलीचा एखादा भाग हातात घेतल्यावर एवढे घासलेले चालेल की नाही, हे ठरवताना माझा हात अडतो.

बहुतेक सर्व रायफलींच्या ब्रीच ब्लॉक कॅरियरच्या (चेंबर मागून बंद करणारा ठोकळा, म्हणजे ब्रीच ब्लॉक, पुढे-मागे नेणारा भाग) दोन्ही कडांवरचा काळा थर उडून खालचे लोखंड चांदीसारखे चमकते आहे. एका रायफलीत ब्रीच ब्लॉकचा जो मागचा भाग लॉकिंग शोल्डरवर (बॉडीतला आडवा पोलादी आधार) टेकतो, तिथे चकाकी पूर्ण रुंदीवर नसून फक्त उजव्या अर्ध्या बाजूला आहे. दुसऱ्या एका रायफलीच्या फायरिंग पिनच्या टोकावर सुईने टोचल्यासारखे दोन बारीक खड्डे दिसतात.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. गेल्या वर्षी मी सहायक असताना एक रायफल मी स्वतः पाहून ठीक म्हणून दिली होती आणि सरावात तिच्यात रिकामी केस (काडतुसाचे पितळी कवच) चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसते त्या जागेत, तीन वेळा अडकली. त्यानंतर एक्स्ट्रॅक्टर (केस ओढून काढणारा आकडा) बदलला, तरी तक्रार गेली नाही. फायरिंग लाइनवर आडवे पडून नेम धरणाऱ्या जवानाच्या हातात आपण पास केलेले शस्त्र असते, म्हणून अंदाजाने सही करण्याची माझी तयारी नाही. जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

उत्तर | निवृत्त आर्मोरर, ईएमई, भुसावळ

भाऊ, मी ईएमईत, म्हणजे लष्कराच्या यंत्र-दुरुस्ती शाखेत, होतो. तुमचा प्रश्न योग्य आहे आणि सही करण्यापूर्वी तो तुम्हाला पडला, याचे मला समाधान वाटले. बोलण्याआधी एक गोष्ट नेहमीची: मॅगझिन काढून, दोनदा कॉक करून, चेंबरमध्ये डोळ्याने पाहून आणि करंगळी घालून खात्री केल्याशिवाय एकही भाग सुटा करू नका, मग ती रायफल पाच मिनिटांपूर्वी तुम्हीच तपासलेली का असेना.

आता झिजेबद्दल. रंग उडणे म्हणजे झीज नव्हे, आकार बदलणे म्हणजे झीज. कॅरियर प्रत्येक गोळीला बॉडीतल्या खाचांतून मागे जाऊन पुढे येतो, तेव्हा त्याच्या कडा चमकणारच. बैलगाडीचा आस जिथे चाकात फिरतो तिथे तो आरशासारखा होतो आणि तसा झाला म्हणून कोणी आस बदलत नाही. या चमकलेल्या पट्ट्यावरून नख आडवे फिरवा. ते कुठेही न अडता सरकले आणि पट्टा दोन्ही बाजूंना साधारण सारखा असला, तर ती वर्षानुवर्षांची नेहमीची घासण आहे. नख अडले, कड दुमडून बाहेर आलेली जाणवली, किंवा एकाच बाजूला खोल ओरखडे लांबीच्या दिशेने गेलेले दिसले, तर तिथे काहीतरी अडते आहे. आपल्या भागात बहुतेक वेळा ती वाळलेल्या तेलात बसलेली धूळ असते. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात गेला की तेल पातळ होऊन पसरते आणि काळ्या मातीची बारीक धूळ त्यात मिसळून धार लावण्याच्या पेस्टसारखी लुगदी तयार होते. पुष्कळ तेल लावले म्हणजे काळजी घेतली, हा समज मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. आपल्याकडे उलट बोटाला जेमतेम जाणवेल एवढाच थर हवा.

लॉकिंग शोल्डरची गोष्ट मात्र निराळी आहे, तिथे घाईने हो म्हणू नका. एसएलआर मुळात बेल्जियमच्या एफएन एफएएल रायफलीच्या रचनेवर बनलेली आहे. तिच्यात ब्रीच ब्लॉकचा मागचा भाग खाली झुकून त्या आडव्या पोलादी शोल्डरसमोर बसतो आणि गोळी सुटतानाचा सगळा दाब तेथेच झेलला जातो. म्हणून दोन्हींवर चमकदार पट्टा दिसणे स्वाभाविक आहे. पूर्ण रुंदीवर असेल तर उत्तम. अर्ध्याच बाजूला असेल तर आधी रॉकेलने तो कोपरा स्वच्छ धुवा, काडीला चिंधी गुंडाळून बॉडीच्या आतला कोनही पुसून काढा आणि मग पुन्हा पाहा. तरीही टेकण एकाच बाजूला राहिले आणि चमकलेल्या व न चमकलेल्या भागांच्या सीमेवर नखाला पायरी लागली, तर ती रायफल बाजूला काढा. हेडस्पेस, म्हणजे बंद ब्रीच ब्लॉकच्या तोंडापासून चेंबरमधल्या काडतूस टेकण्याच्या जागेपर्यंतचे अंतर, बरोबर आहे की नाही, हे केवळ गेजवर (ठरलेल्या मापाच्या ठोकळ्यावर) कळते: गो गेजवर ब्रीच ब्लॉक पूर्ण बसला पाहिजे आणि नो-गो गेजवर बसता कामा नये. ते काम वर्कशॉपचे आहे. लॉकिंग शोल्डर वेगवेगळ्या मापांचे येतात आणि त्यातला नेमका कोणता बसवायचा, हे गेज लावूनच ठरते. कृपा करून एका रायफलीचा ब्रीच ब्लॉक दुसरीत घालून पाहू नका. ज्या बॉडीला जो जुळवलेला आहे, तो तिचाच राहू द्या.

फायरिंग पिनचे टोक गुळगुळीत आणि गोलसर हवे. तुम्ही सांगता तसे खड्डे असतील, तर कधीतरी टोपी (काडतुसाच्या बुडातला, पिनने पेटणारा प्रायमर) फुटून गरम वायू मागे आला आणि त्याने टोक खाल्ले. तशा खडबडीत टोकामुळे पुढच्या टोप्याही फुटू शकतात. पिन बदलून घ्या. यावर विचार करण्यासारखे काही नाही.

पिस्टन हा गॅसच्या दाबाने कॅरियर मागे ढकलणारा दांडा. त्यावरचा काळा थर म्हणजे कार्बन, झीज नव्हे. ब्लँक काडतुसांच्या सरावानंतर तो अधिक जाड बसतो. पिस्टन साफ करून काचेच्या सपाट तुकड्यावर हलकेच लोटा. सरळ असेल तर एकसारखा घरंगळतो, वाकलेला असेल तर डुलत जातो आणि खाली प्रकाशाची फट उघडझाप करताना दिसते. गॅस रेग्युलेटर कुठल्या आकड्यावर आहे तेही पाहा, कारण गरजेपेक्षा जास्त गॅस दिल्यास कॅरियर मागे जोरात आदळतो आणि सर्वच भागांचे आयुष्य कमी होते.

उत्तर | टूलरूममध्ये काम करणारा, जळगाव एमआयडीसी

मी शस्त्रांतला माणूस नाही, पण धातूची झीज मोजण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत, म्हणून दोन-तीन गोष्टी जोडतो.

टेकण कुठे होते आहे, हे चकाकीवरून ठरवण्यापेक्षा प्रशियन ब्लू (टेकण्याचा ठसा उमटवणारा निळा रंग) वापरा. वर्कशॉपच्या परवानगीने शोल्डरच्या स्वच्छ, कोरड्या तोंडावर बोटाने अगदी पातळ थर लावा. रायफल रिकामी असताना कॅरियर हाताने पुढे नेऊन ब्रीच ब्लॉक बसू द्या, मग मागे घेऊन पाहा. निळा रंग ब्लॉकवर जेवढा उमटला, तेवढेच खरे टेकण. चकाकी अनेक वर्षांचा इतिहास सांगते आणि निळा रंग आजची स्थिती सांगतो. या दोहोंत फरक आढळला, तर तीही महत्त्वाची माहिती आहे.

स्प्रिंगबाबत एक साधी तपासणी आहे. बटमध्ये एकात एक बसणाऱ्या दोन रिटर्न स्प्रिंग असतात. जुनी स्प्रिंग आणि त्याच प्रकारची नवी स्प्रिंग एका सरळ सळईवर टोकाला टोक लावून ओवा आणि दोन्ही एकदम दाबा. दोन्ही सारख्याच दबल्या तर ताकद सारखी. जुनी आधी मिटली तर ती थकली आहे. नुसती लांबी पाहून निर्णय घेऊ नये, कारण नवी स्प्रिंगसुद्धा पहिल्या काही वापरांत थोडी आखूड होऊन मग स्थिर होते.

आणि चीर. ती डोळ्यांना दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. संशय आहे तो भाग रॉकेलमध्ये अर्धा तास बुडवून ठेवा, बाहेर काढून कोरड्या फडक्याने पूर्ण पुसा आणि त्यावर खडूची बारीक पूड भुरभुरा. चीर असेल तर आत शिरलेले रॉकेल बाहेर झिरपून पांढऱ्या पुडीवर केसासारखी ओली रेघ उमटवते. आमच्याकडे जुने कारागीर ओतीव भागांवर ही तपासणी अजूनही करतात.

उत्तर | माजी शिपाई, नंदुरबार

आमच्या वेळी ट्रिगर जड लागला की हॅमर (फायरिंग पिनवर आदळणारा भाग) आणि सियरच्या (ट्रिगर दाबेपर्यंत हॅमरला धरून ठेवणारा भाग) खाचेवर बारीक पॉलिश पेपर मारायचो, रायफल एकदम मऊ चालायची. तुमच्या रायफलींतही खाचा घासलेल्या असतील, तर हा उपाय करून पाहायला हरकत नाही.

उत्तर | निवृत्त आर्मोरर, ईएमई, भुसावळ

दादा, तुमच्या अनुभवाचा मान राखून स्पष्ट सांगतो की हे कोणीही करू नये. हॅमर आणि सियरची खाच ही एकमेकींना अडकवून धरणारी धार आहे. तिचा कोन केसभर बदलला, तर बट जमिनीवर आपटल्यावर हॅमर सुटू शकतो. ट्रिगर मऊ झाला असे वाटते, तेव्हा पकड कमी झालेली असते. या खाचेवर चमकदार रेघ असणे नेहमीचे आहे. धार गोल झालेली किंवा तिचा टवका उडालेला दिसला तर भाग बदलायचा, घासायचा नाही. आणि बदलल्यावरही परीक्षा घ्यायची: रिकाम्या रायफलीत कॉक करून ट्रिगर दाबून धरावा, तो तसाच दाबलेला ठेवून कॅरियर मागे ओढून सोडावा, मग ट्रिगर हळूच सोडताना सियर बसल्याचा आवाज ऐकावा आणि पुन्हा दाबल्यावरच हॅमर पडला पाहिजे. सेफ्टी लावून ट्रिगर जोरात दाबून पाहणेही याच वेळी करावे.

उत्तर | टूलरूममध्ये काम करणारा, जळगाव एमआयडीसी

भुसावळच्या आप्पांच्या बोलण्याला धातूच्या बाजूनेही दुजोरा देतो. अशा भागांना बहुधा वरून कठीण कवच दिलेले असते आणि आतला गाभा तुलनेने मऊ ठेवलेला असतो. ते कवच पातळ असते. पॉलिश पेपरने ते एकदा उडाले की खालचे मऊ लोखंड थोड्याच दिवसांत दबते. म्हणजे आज केलेल्या मऊपणाचे रूपांतर पुढे झपाट्याने वाढणाऱ्या झिजेत होते. मला अधूनमधून लोक विचारतात की एखादा छोटा भाग बनवून द्याल का. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्र बनवणे आणि दुरुस्त करणे यासाठी परवाना लागतो, म्हणून मी प्रत्येकाला नाहीच म्हणतो, आणि इथेही तेच लिहून ठेवतो.

उत्तर | वरणगावकर

आमच्या गावात आयुध निर्माणी असल्यामुळे काडतूस हा घराघरांतला विषय आहे. माझीही नोकरी काडतुसांच्या तपासणीतच झाली. तुमच्या शेवटच्या अडचणीबद्दल, म्हणजे अडकणाऱ्या केसबद्दल, मला लिहायचे आहे, कारण सर्वजण रायफलीचे भाग पाहतात आणि जमिनीवर पडलेली पितळी केस मोजून पोत्यात भरतात. ती केस वाचा. चेंबरमध्ये नेमके काय घडले, याची खूण तिच्यावर राहते.

सरावात प्रत्येक रायफलीच्या दहा केस वेगळ्या पिशवीत, रायफलीचा क्रमांक लिहून ठेवा. केसच्या कडेवर एक्स्ट्रॅक्टरची हलकी खूण आणि पोटावर बाहेर फेकताना आपटल्याचा पोचा, हे दोन्ही नेहमीचे आहे. कड फाटलेली किंवा वाकवून ओढलेली असेल, तर एक्स्ट्रॅक्टरने आपले काम पूर्ण ताकदीने केले आहे आणि केसच चेंबरला चिकटून बसली होती, असा त्याचा अर्थ होतो. मग दोष एक्स्ट्रॅक्टरचा नसून चेंबरचा असण्याचा संभव जास्त. केसच्या पोटावर बारीक उठावाचे ठिपके बोटाला लागतात का, ते पाहा. पितळ दाबाने फुगून चेंबरच्या भिंतीला टेकते, तेव्हा भिंतीवर गंजाचा खड्डा असेल तर त्याचा ठसा उचलते. पावसाळ्यात चेंबर कोरडे न करता ठेवलेल्या रायफलीत हे विशेष आढळते, आणि गंजाचे खड्डे ही झीज नसून हयगय आहे, हे थोडे कठोर वाटले तरी लिहितो.

हेडस्पेस वाढला असेल, तर बुडापासून थोडे वर केसभोवती एक उजळ कडे दिसते. बारीक तारेचे टोक आकड्यासारखे वाकवून केसच्या आत घाला आणि तळापासून भिंतीवरून वर ओढा. त्या कड्याच्या जागी आकडा खाचेत अडकला, तर पितळ ताणून पातळ झाले आहे आणि तिथूनच केस तुटण्याची शक्यता आहे. अशी एक जरी केस सापडली, तरी ती रायफल गेज लागेपर्यंत लाइनवर नेऊ नका.

प्रश्नकर्ता | नवा आर्मोरर, धुळे

सर्वांचे मनापासून आभार. चार दिवस शांतपणे बसून जे पाहिले, ते लिहितो.

कॅरियरच्या कडांवर सर्व रायफलींमध्ये नख सरळ सरकले. फक्त दोघींमध्ये खाचेत वाळलेली लुगदी निघाली आणि ती धुतल्यावर कॅरियरची खरखर थांबली. फायरिंग पिन बदलून आली. अर्ध्या चकाकीची रायफल धुऊन निळा रंग लावून पाहिली, तर ठसा उजवीकडच्या निम्म्यापेक्षा थोड्या जास्त भागावरच उमटला आणि सीमेवर नख स्पष्ट अडले. खडूच्या तपासणीत ब्लॉकवर रेघ उमटली नाही, तरी तिला टॅग बांधून वर्कशॉपला पाठवली आहे.

गेल्या वर्षीच्या रायफलीबद्दल वरणगावकरांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. त्या सरावातल्या दोन केस आमच्या कपाटात अडथळ्याचा नमुना म्हणून राहिल्या होत्या. दोन्हींच्या पोटावर, खांद्याच्या खाली, एकाच जागी मोहरीएवढे तीन उठाव बोटाला लागले. मग चेंबर साफ करून छोट्या आरशाने प्रकाश टाकून पाहिले, तर त्याच उंचीवर तीन काळपट खड्डे होते. मी गेल्या वर्षी बॅरलमधून उजेड पाहिला होता, चेंबरची भिंत पाहिली नव्हती. त्या रायफलीच्या टॅगवर तक्रारीच्या रकान्यात आधी लिहिलेले "एक्स्ट्रॅक्टर सदोष" खोडून "चेंबरमध्ये गंजाचे खड्डे, सोबत दोन केस" असे लिहिले आहे आणि त्या दोन केस त्याच टॅगला पिशवीत बांधून दिल्या आहेत.