‘उपवास’ लिहिले आणि आजी खिचडी खाऊन आल्या: रुग्णांसाठी तपासण्यांची माहिती कशी लिहावी?

परळचा लेखनिक:
परळमधील एका धर्मादाय तपासणी केंद्रात मी नोंदणीच्या खिडकीवर बसतो. केंद्राच्या संकेतस्थळासाठी प्रत्येक तपासणीचे एक पान मराठीत लिहिण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. लिहून झालेली पाने आमच्या डॉक्टरांनी वाचून दिलेली आहेत, त्यामुळे वैद्यकीय चुका त्यांत नाहीत. तरीही ज्यांना पानाचा दुवा पाठवलेला असतो तेच रुग्ण सकाळी खिडकीशी येऊन तेच प्रश्न विचारतात. मागच्या मंगळवारी एक आजी उपाशीपोटीच्या साखरेसाठी आल्या. पानावर ‘८ तासांचा उपवास आवश्यक’ असे होते आणि उपास आहे ना, असे विचारल्यावर त्यांनी निःशंकपणे होकार दिला. हाताला पट्टा बांधताना बोलण्यातून कळले, की सकाळी ६ वाजता वाटीभर साबुदाण्याची खिचडी खाऊन त्या घरातून निघाल्या होत्या.

माझ्या पानांवर आधी तपासणीची व्याख्या, मग ती का करतात, मग पद्धत आणि अखेरीस पूर्वतयारी असा क्रम आहे. यात नेमके काय बदलावे?

निवृत्त तंत्रज्ञ, दादर:
आजींनी तुमचे वाक्य तंतोतंत पाळले आहे. आपल्या घरांत उपवास म्हणजे काय चालते आणि काय चालत नाही याची यादी ठरलेली असते आणि खिचडी त्या यादीत चालते. तो शब्दच काढून टाका. ‘तपासणीच्या आधी किमान ८ तास काहीही खाऊ नका; चहा, दूध, फळे आणि उपवासाचे पदार्थही चालत नाहीत; साधे पाणी चालते’ असे उघड लिहा. नुसते ‘काहीही’ लिहिले तर त्यात चहा कोणी धरत नाही, आणि मशेरी-तंबाखू तर मुळीच धरत नाहीत, म्हणून त्यांचीही नावे घ्या. जेवणानंतरच्या साखरेचे २ तास पहिल्या घासापासून मोजायचे असतात, पण बहुतेक लोक हात धुतल्यापासून मोजतात. तेही सांगावे लागते.

क्षयाच्या तपासणीसाठी सर्रास ‘थुंकी’ लिहिले जाते आणि डबीत लाळ येते. हवा असतो तो छातीतून खोकून काढलेला बेडका. हा शब्द छापायला लिहिणाऱ्यांना संकोच वाटतो, रुग्णाला वाटत नाही. सकाळी उठल्यावर पाण्याने चूळ भरावी, दोन-तीनदा खोल श्वास घ्यावा आणि मग जोराने खोकून बेडका डबीत घ्यावा, एवढे लिहिले तरी बरेच नमुने वाया जायचे टळतील.

सर्वांत जास्त घोळ २४ तासांच्या लघवीचा होतो. ‘पहिला नमुना वगळून संकलन करावे’ हे वाक्य बरोबर असूनही निरुपयोगी आहे. त्याऐवजी घड्याळ द्या: सोमवारी सकाळी ७ वाजता लघवी करून ती टाकून द्या आणि वेळ लिहून ठेवा; त्यानंतर दिवसा-रात्री होणारी प्रत्येक लघवी कॅनमध्ये घ्या; मंगळवारी सकाळी ७ वाजताची शेवटची लघवीही कॅनमध्येच घ्या. क्रमाबद्दल म्हणाल, तर घरी करायची तयारी सगळ्यात वर यायला हवी, कारण व्याख्या वाचण्यासाठी कोणी रात्री ११ वाजता ते पान उघडत नाही.

स्क्रीन रीडर वापरणारी, मुलुंड:
मला दिसत नाही. फोन वाचून दाखवतो तेवढेच माझे वाचन. एका प्रयोगशाळेने मला सूचनापत्रकाचा फोटो पाठवला होता आणि माझ्या फोनने त्यावर ‘प्रतिमा’ एवढेच म्हटले. मजकूर युनिकोडमध्येच ठेवा. जुन्या फॉन्टांमधले मराठी दिसायला मराठी असते, पण आत रोमन अक्षरे साठवलेली असल्यामुळे कानावर निव्वळ गोंधळ पडतो. पानाची भाषा मराठी आहे, अशी नोंद त्याच्या कोडमध्ये करायला सांगा. एरवी मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हवाली होण्याची शक्यता असते. सामान्य सीमेबाहेरचा आकडा नुसता लाल करून ठेवला, तर मला आणि रंगांधळ्या माणसालाही तो कळत नाही; शेजारी ‘जास्त’ किंवा ‘कमी’ असा शब्द हवा. ज्यांना अंधुक दिसते त्यांच्यासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील तफावत (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १ असावी, असा सुगम्यतेचा आंतरराष्ट्रीय निकष आहे, फिकट राखाडी अक्षरे त्यात बसत नाहीत.

माझ्या आईची अडचण वेगळीच होती. अहवालातले आकडे इंग्रजी आणि माहितीच्या पानावरचे मराठी, त्यामुळे मराठी एक तिला इंग्रजी नऊसारखा वाटला. अहवालात जे आकडे छापता, तेच पानावर ठेवा.

फिजिशियन, गिरगाव:
निकालाबद्दल थोडे. ‘निगेटिव्ह’ वाचून रडवेले झालेले रुग्ण मी पाहिले आहेत, तेव्हा त्या शब्दापुढे ‘या नमुन्यात जंतू आढळले नाहीत’ असे लिहावे. सामान्य मर्यादा बहुधा निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांच्या आकड्यांवरून ठरवतात, म्हणजे सरासरी २० निरोगी माणसांतल्या एकाचा आकडा तिच्याबाहेर जातो, हेही एका ओळीत सांगावे. एचबीए१सीच्या पानावर मात्र आधी सुटका करा: या तपासणीला उपाशी राहावे लागत नाही, कारण ती साधारण मागच्या २-३ महिन्यांची सरासरी साखर दाखवते.

परळचा लेखनिक:
साखरेचे पान नव्याने लिहिले आणि आमच्या केंद्रात झाडलोट करणाऱ्या मावशींना वाचायला दिले. समजले का, असे न विचारता ‘उद्या तपासणी असेल तर सकाळी काय काय कराल?’ असे विचारले. त्यांनी सगळे बरोबर सांगितले आणि शेवटी म्हणाल्या, ‘पाणी चालतं, तर मग गोळी घ्यायची का?’ हे पानावर कुठेच नव्हते.

फिजिशियन, गिरगाव:
रक्तदाबाची गोळी नेहमीच्या वेळी पाण्याबरोबर घ्यायला सहसा हरकत नसते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिल्यास मात्र साखर धोकादायकरीत्या उतरू शकते, म्हणून ‘आपल्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारा’ हे वाक्य ठळक अक्षरांत घाला. विरार-बदलापूरहून पहाटेची लोकल पकडून येणाऱ्यांना डबा बरोबर आणायला सांगा, म्हणजे रक्त दिल्याबरोबर तिथेच खाता येईल. आणि जेवणानंतरची साखरही द्यायची असेल, तर पहिल्या घासाची वेळ खिडकीवर तुम्हीच लिहून घ्या.