मदत हवी आहे: साकाईच्या सुरीला खांडे पडलेत, धार कुठे लावून मिळेल?

मालवणची_लेक: अर्जंट आहे. भावाने जपानहून आणलेल्या सुरीच्या धारेला खांडे पडलेत. ओसाकाजवळच्या साकाईची, हाताने घडवलेली आहे. पुण्यात कोण नीट धार लावून देतं? रविवारी पाहुणे आहेत, लवकर सांगा प्लीज.

निशिकासाईकर: सुरीचा जपानी प्रकार कुठला? ग्युतो, सांतोकू, देबा? पोलाद कुठलं? धार दोन्ही बाजूंनी आहे की एकाच? फोटो टाका.

आप्पा_डेक्कन: एवढं काय त्यात, सायकलवर धारवाला येतो त्याला द्या, आमच्याकडे विळीपासून कात्रीपर्यंत सगळं तोच करतो, दोन मिनिटांचं काम.

निशिकासाईकर: आप्पा, हा सल्ला नका हो देऊ! कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा धारेची कड भयंकर तापते आणि पोलादाचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो. मग कितीही घासा, धार टिकत नाही.

आप्पा_डेक्कन: तीस वर्षं लावून घेतोय, काही उतरलं नाही. त्यापेक्षा विळी वापरा, खोबरंही खवता येतं.

मालवणची_लेक: फोटो चढत नाहीये. लांब, निमुळती आहे, एक बाजू सपाट. लाकडी मूठ, पुढे काळं शिंग. भाऊ म्हणाला पोलाद शिरोगामी. मी फक्त सुरमईच्या तुकड्या केल्या, बाकी काही नाही.

निशिकासाईकर: मधल्या काट्यासकट?

मालवणची_लेक: हो मग, तुकड्या अजून कशा करतात?

निशिकासाईकर: ताई, ही यानागिबा दिसतेय. साशिमीसाठी, म्हणजे काटे काढलेल्या माशाचे पातळ काप एका ओढीत काढायला. शिरोगामी साधं कार्बन पोलाद, खूप कडक, म्हणून धार अप्रतिम येते पण हाडावर टवका उडतो. काट्यासाठी जाड पात्याची देबा लागते.

एचिझेन_फॅन: म्हणून मी सगळ्यांना सांगतो, घरी दोन्ही बाजूंनी धार असलेली, सगळ्या कामाची ग्युतोच घ्या, तीही जपानातल्याच फुकुई प्रांतातल्या ताकेफूची. तिथले लोहार एकाच छताखाली काम करतात, जाऊन बघता येतं. साकाईचं उगाच नाव झालंय.

निशिकासाईकर: उगाच कसं? साकाईत घडवणारा वेगळा, धार काढणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा, एकेक माणूस आयुष्यभर एकच काम करतो. तंबाखू कापायच्या सुऱ्यांपासून त्यांचं नाव आहे, एदो काळात (१६०३ ते १८६८) शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्याच्या, सरकारचा शिक्का असायचा त्यावर.

निसणा_प्रेमी: भांडण बाजूला ठेवा. ताई, खांडे टाचणीच्या टोकाएवढे असतील तर घरी निघतील. आधी ४०० चा पाण्याचा दगड (पाणी लावून घासायचा निसणा; आकडा मोठा तितका दगड बारीक), मग १०००, मग ३००० किंवा ६०००. उतरती बाजू दगडावर पूर्ण टेकवून घासायची, टोकापासून मुठीपर्यंत दाब सारखा. सपाट वाटते ती मागची बाजू खरं तर किंचित खोलगट असते, ती तिरकी धरून घासलीत तर सुरी बिघडली समजा. फक्त शेवटी सपाट ठेवून, हलक्या हाताने फिरवून घासताना कडेला आलेली धातूची कीस काढायची. मग लगेच कोरडी पुसा, गंजते.

कोथरूडची_सई: विमानात सुरी कशी आणली भावाने? मलाही आणायची आहे.

निशिकासाईकर: चेक-इन बॅगेत, पातं नीट गुंडाळून.

मालवणची_लेक: दगड मागवते. पण पुण्यात कोण लावून देतं ते कुणीच सांगितलं नाही.

निसणा_प्रेमी: पाण्याच्या दगडावर हाताने लावणारा मला तरी पुण्यात माहीत नाही. रविवारी तुकड्या कोळणीकडूनच करून आणा. दगड आला की आधी घरातल्या साध्या सुरीवर हात बसवा, मग हिला हात लावा.

आप्पा_डेक्कन: सुरमई कितीला मिळाली?