लग्नपत्रिकेत दोन बापायची नावं टाकता येते का?

काळीमाती_यवतमाळ:
नमस्कार मंडळी. तुळशीच्या लग्नानंतर माह्यं लग्न आहे, पत्रिका छापाची आहे अन् तिथंच गाडी अडकून राहिली. मी ९ वर्षाचा होतो तेव्हा बाबा गेले, दोन वर्षांनी आईनं पाट लावला (गावात अजूनही असंच म्हणतात, तोंड वाकडं करून). आईच्या या दुसऱ्या नवऱ्याले मी काका म्हणतो, मोटर वायंडिंगचं दुकान आहे त्यायचं. आता चुलते म्हणते फक्त कै. बाबांचं नाव टाक, अन् काका सोताच म्हणते माह्यं नको, लोकं हासतीन. मले दोघायचं पाहिजे. बाबांनी मले मुठीत माती दाबून वाफसा पाहाले शिकवलं, ढेकूळ फुटलं पाहिजे पण हाताले चिकटलं नाही पाहिजे, आजही पेरणीच्या टायमाले हात आपोआप खाली जाते. काकांनी शिकवलं पहिले टेस्टर मंग हात, अन् पैसे बाकी असले तरी कोणाची मोटर अडवून ठेवाची नाही, त्याचा हरभरा वाळते. चिडका स्वभाव मात्र बाबांचाच, ते आई रोज ऐकवते. असं कोणाच्या पत्रिकेत पाहिलं का?

वर्धेकर:
देवकाले आईसोबत पाटावर कोण बसणार? काकाच ना? मंग पत्रिकेतच काऊन लपवता बे. आमच्या इकडं एकानं वर 'कै. अमुक यांचे चिरंजीव' अन् खाली निमंत्रक म्हणून दुसऱ्या वडिलांचं नाव टाकलं होतं. पंगतीत कोणी विचारलं नाही, वांग्याची भाजी तेवढी विचारली.

तारीख_पे_तारीख:
पत्रिका म्हणजे काही सातबारा नाही, काहीही छापा. सातबाऱ्याचं म्हणाल तर बाबांच्या जमिनीत तुमचा वारसा आहेच, आईच्या लग्नानं तो जात नाही. काकांच्या दुकानाचं तसं नाही, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात सावत्र मुलाला आपोआप काही येत नाही, दत्तक घेतलं नसेल तर मृत्युपत्रच लागतं. आणि 'सावत्र' हा शब्द मात्र छापू नका. २०२२ मध्ये एका केसमध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की आईच्या दुसऱ्या नवऱ्याचं नाव कागदोपत्री 'सावत्र बाप' म्हणून लिहायला लावणं क्रूरपणा आहे. बाकी विधवा विवाहाचा कायदा १८५६ मध्येच झाला, चुलत्यांपर्यंत पोचायचाय वाटतं.

एकटा_बैल:
सगळ्यायच्या नशिबी असे काका नसते भाऊ. पोळ्याले पोट्टे बोजारा (सणाचे पैसे) मागत फिरत अन् मी गोठ्यात लपून राहो, घरात तो पिऊन पडलेला असे. आता माह्या पोरावर हात उचलत नाही मी, तेही त्याच्यामुळंच म्हणा. तू टाक नाव.

काळीमाती_यवतमाळ:
वर्धेकर भाऊंसारखंच केलं. काल प्रूफ आणलं, काका आधी लय नाही नाही म्हणत होते, मंग चष्मा लावून बसले. सोताच्या नावाकडं पाहिलंच नाही, बाबांच्या नावातली वेलांटी चुकली होती ते दाखवली अन् मले परत प्रेसवर पाठवलं.